मागचा लाल दिवा

नव्वदीच्या मध्याला आम्ही डोंबिवलीत राहायचो आणि नवरा रोज मोटरसायकलने कळव्याच्या कारखान्यात जायचा. शीळफाट्याचा रस्ता तेव्हा नुसता खड्ड्यांचा होता. हादऱ्यांनी गाडीच्या मागच्या बल्बची तार सारखी तुटायची आणि चालवणाऱ्याला पत्ताही लागायचा नाही. तो आपला पुढे बघून चाललेला असायचा.

त्याच्या खात्यातला एक सोबती असाच गेला. मागून ट्रक आला. आम्ही भेटायला गेलो तेव्हा त्याची बायको एकच गोष्ट विचारत होती, "सकाळी तर लागत होता ना दिवा?" कुणालाच माहीत नव्हतं. तेव्हापासून दिवेलागण झाली की नवऱ्याचं पाऊल जिन्यात वाजेपर्यंत काही सुचायचं नाही.

मी एमआयडीसीत एका कंपनीत सर्किट बोर्ड जोडायचे. लाल एलईडी रोज हाताखालून जायचे. त्यांच्यात तुटायला तारच नसते. मनात आलं, यांचाच बल्ब केला तर? जास्त उजेडाचे एलईडी विकत आणले. गेलेला बल्ब फडक्यात गुंडाळून फोडला, पितळी टोपी तेवढी ठेवली आणि तिच्यावर एलईडी नि रेझिस्टर सोल्डर केले. एक एलईडी जरी उलटा लागला तरी अख्खी ओळ पेटत नाही, म्हणून प्रत्येक जोड पुन्हा पुन्हा तपासला. गाडीला लावला. डोळ्यांत खुपेल असा लाल उजेड पडला, ब्रेक दाबल्यावर आणखी भडक.

"आता हा जन्मात जायचा नाही," नवरा म्हणाला. मलाही तसंच वाटलं. पुढचे काही आठवडे मी संध्याकाळी निवांत स्वयंपाक करत होते.

मग एकदा ठाण्याहून लग्न आटोपून आम्ही दोघं परत येत होतो. अंधार पडलेला. शीळफाट्याच्या पुढे गाड्या तुंबलेल्या, म्हणून नवऱ्याने वेग कमी केला. तेवढ्यात पाठीमागून करकचून ब्रेक लागले आणि माझी सावली लांबच लांब पुढे पडली. वळून पाहिलं तर ट्रकचं नाक माझ्या पाठीपासून हातभरावर. मला नवऱ्याचा शर्ट सोडवेना.

ड्रायव्हर खाली उतरला. "पीछे की लाइट तो लगाओ, भाईसाब."

"चालू है," नवरा म्हणाला.

ड्रायव्हरने वाकून पाहिलं. दिवा लागलेलाच होता. तो परत वर चढला. उरलेला सगळा रस्ता मी मान मागे वळवूनच बसले.

घरी पोचल्यावर नवऱ्याला म्हटलं, "खाली दिवा लावून थांब, मी गॅलरीतून बघते." दुसऱ्या मजल्यावरून पाहिलं, काहीच दिसेना. "लावलास का रे?" "लागलाय की!" खाली उतरून गाडीच्या मागे उभी राहिले, तर लखलखीत. पायऱ्या चढले की नाहीसा. एलईडीचा उजेड बारीक झोतासारखा सरळ मागे जात होता. ट्रकची केबिन त्या झोताच्या वर. इतके दिवस नवरा या दिव्याच्या भरवशावर जात होता, आणि मी निर्धास्त होते.

दुसऱ्या दिवशी नवऱ्याला गाडी नेऊ दिली नाही. एलईडींची गोल टोकं पॉलिश पेपरने घासून धुरकट केली, म्हणजे उजेड पसरतो. काही एलईडी वर, काही बाजूला वाकवले. मग गॅलरीतून, जिन्यातून, गच्चीवरून पाहिलं. झगझगाट कमी झाला, पण सगळीकडून दिसायला लागला. तरी रोज निघण्याआधी मी खाली जाऊन बघायचेच.

शेजाऱ्यांनी आपल्या गाडीला तसाच बल्ब मागितला. मी नाही म्हणाले.

"अगं, तासाभराचं तर काम," नवरा म्हणाला.

"आणि उद्या त्यांचा बंद पडला तर?"

शेजारी बरेच दिवस माझ्याशी तुटक वागत होते.

आम्ही गाडी विकली तोवर तो बल्ब टिकला. घ्यायला खडवलीचा एक तरुण आलेला, बायकोला सोबत घेऊन. ती दोघं चहा पीत होती तेव्हा मी खाली जाऊन माझा बल्ब काढला आणि दुकानातला नवा कोरा, तारेचा बसवला.

"मागचा दिवा मधेमधे जातो," जाताना मी त्याच्या बायकोला म्हटलं. "रोज बघत जा."