मेधाचं नाव कोणी ठेवलं

काल अमरावतीत शेजारच्या बारशाच्या घुगऱ्या आल्या. त्यांचा हिंगाचा वास नाकात शिरला नि मला एका जागी बसवेना. मी थेट पंचवीस वर्षांमागच्या अकोल्यात, भावाच्या मुलीच्या बारशाला जाऊन पोचले.

अर्धं अकोला पाळण्याभोवती होतं, उरलेलं दारात. बाळाच्या कानात नाव सांगायचा मान माझा, आत्याचा. बाबांनी आपल्या आईचं नाव ठरवलं होतं, भागीरथी. पण आतल्या खोलीत वहिनीनं माझा हात धरला.

"बाई, मेधा सांगजा. एकदा आयकलं ते धरून ठेवणारी बुद्धी म्हंजे मेधा. आमच्या संस्कृतच्या बाईनं शिकवलं होतं. मंग लग्न झालं, शाळा सुटली."

"बाबा मले जित्ती गाडतीन!"

तरी वाकले. बायकांनी पाठीवर असे धपाटे घातले, की जणू गादीच पिंजून राहिल्या होत्या. मी कानात सांगायचं सोडून ओरडलेच, "मेधा!" बाबांच्या मिशा थरथरल्या. मी ठोकून दिलं, "सपनात देवीनं सांगतलं!"

पुढे वर्षागणिक ते सपन सांगताना त्या देवीला मी वाघ दिला, शंख दिला, डोळे दिपवणारा उजेड दिला. सगळे वाहवा करायचे नि वहिनी मुकाट चहा आणायची. तेव्हा वाटायचं, मी तिला बाबांच्या रागातून वाचवलं. काल वाटलं, तिच्याजवळ शाळेतलं उरलं होतं तेवढंही मीच ढापलं.

मेधाला फोन लावून खरं सांगून टाकलं.

"आत्या, मंग आईनं हे मले काहून नाही सांगतलं?"

जन्मभर इतक्या थापा मारल्या, पण याला एकही सुचली नाही.