रावजीला जावई पसंत पडेना

"कट! काका, आधी सरबत. विडा नंतर."

मोहितेकाकांनी मान हलवली आणि पुढच्या टेकला पुन्हा विड्याचं तबकच पुढे केलं.

मी मालिकेची एपिसोड डायरेक्टर, म्हणजे रोजचं शूटिंग उरकणारी बाई. गोष्ट संस्थानी काळातल्या एका सरदार घराण्याची, सेट शहराबाहेर छाणीतल्या शेडमध्ये. मोहितेकाका त्यात रावजी झाले होते, घरचा जुना, इमानी हुजऱ्या. सरदारांच्या लेकीसाठी, ताईसाहेबांसाठी, आलेलं एकही स्थळ रावजीला पटत नसे. पण नोकराने बोलायचं कसं? जुन्या रिवाजात पाहुण्याला विडा दिला की भेट संपली. म्हणून नावडतं स्थळ टेकलं रे टेकलं की रावजी विडा पुढे करायचा. प्रेक्षक जाम खूश होते.

आजचं स्थळ, म्हणजे मालिकेचा हिरो, मात्र पसंत करायचं होतं. सरबत द्यायचं, गालात हसायचं, बस्स. पण काकांचा हात तबकाकडेच जाई, आणि सरबत दिलंच तर चेहरा एरंडेल पाजल्यासारखा.

निर्मात्यांचे गुजराती व्यवस्थापक हर्षदभाई घड्याळ दाखवू लागले. "बेन, जल्दी पतावो ने! हिरो संध्याकाळच्या गाडीने मुंबईला चालला."

मी काकांना चहाच्या निमित्ताने बाजूला नेलं.

"काय होतंय? मुलगा खरंच आवडला नाही का?"

"मुलगा चांगलाय गं. पण लग्न झालं की ताईसाहेब सासरी. मग रावजीचं काय काम?" काका कपाकडे बघत म्हणाले. "कोयलीच्या रिफायनरीतून रिटायर झालो आणि घरात बसून नुसता आंबलो होतो. आता खंडेराव मार्केटात भाजीवाली 'आवो रावजीकाका' म्हणते."

खरंच होतं. लग्नानंतरच्या भागांत रावजी नव्हताच. नवरीबरोबर सासरी माहेरचं कुणी पाठराखणीला जातं. माझ्याबरोबर आत्या आली होती आणि महिनाभर हललीच नाही. मी तडक लेखकाला फोन लावला.

"रावजीला पाठराखणीला पाठवू या."

"ताई, पाठराखणीला बाई जाते."

"सरदारांकडे लेकीबरोबर नोकरमाणसंही जायची. लिहा."

"आणि तिथे हा करणार काय?"

"सासूला नापसंत करेल."

लेखक खो खो हसत सुटला. हर्षदभाईंना सांगितलं, तर तेही खुलले. "आ तो मस्त छे! हा ट्रॅक वर्षभर चालेल." ट्रॅक म्हणजे मालिकेत चालू असलेलं कथानक.

काकांना बातमी दिली आणि कॅमेरा लावला. सरबत वेळेवर आलं. हसू तर असं फुटलं की मला ओरडावं लागलं, "काका, जरा कमी! अजून लग्न ठरायचंय!" सगळं युनिट हसलं. पुढचा टेक ओके झाला आणि हिरोला गाडी मिळाली.

हल्ली मी नटाला सीन समजावण्याआधी पुढच्या महिन्याचं शेड्यूल सांगते. अभिनय बराच सुधारतो.