आपट्याच्या पाण्यातले जंतू मरत नाहीत

मंडळी, हा मेल पनवेलच्या सायबर कॅफेतून लिहितेय. आपल्या मायक्रोबायोलॉजीच्या बॅचने नीट वाचा.

आपटा गावाजवळच्या एका वाडीत लोक नदीकाठच्या वाळूत खड्डा खणून त्यातलं पाणी पितात. गेल्या आठवड्यात ते पाणी मी लॅबमध्ये आणलं. त्यातले जंतू वाढवून काल प्लेटवर पाच अँटिबायोटिक्सच्या चकत्या ठेवल्या. चकतीभोवतीचे जंतू मरायला हवेत. आज सकाळी पाहिलं, तर चार चकत्यांना जंतू अगदी खेटून वाढले होते; मेले होते ते फक्त पाचवीभोवती.

तशीच एसटी पकडून वाडीवर गेले. ज्यांनी पाणी काढून दिलं होतं त्या ताराबाईंची सून तापाने फणफणली होती.

"आठ दिस गोल्या देतो, पन ताप उतरत नाय," ताराबाई म्हणाल्या.

पाकीट पाहिलं. त्या चारांतलंच एक औषध. ताप याच जंतूंचा, असं मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. पण थांबले नाही.

रिक्षाने सुनेला आणि ताराबाईंना पनवेलला दवाखान्यात आणलं. डॉक्टरांनी सुनेला तपासून, माझ्या वहीतल्या चकत्यांच्या नोंदी पाहून पाचवं औषध सुरू केलं.

"आणि हेही लागू पडलं नाही तर?" मी विचारलं.

"तपासत राहा," एवढंच ते म्हणाले.

ताराबाईंना म्हटलं, पाणी उकळून प्या.

"सगल्या वाडीला जाळाया फाटी कुटून आनू, बाय?"



मी आतापर्यंत एकाच खड्ड्याचं पाणी तपासलंय. तुमच्या गावचं पाणी कुणी तपासलंय का?