विटासची लाकडी जमीन

बर्निस आणि विटास स्टँकस घर बघायला आले त्या दिवशी किल्ली माझ्याकडे होती. घरमालकीण मिसेस नोव्हॉटनींच्या गुडघ्यांना जिना सोसत नसे, आणि मी सगळ्यात वर राहणारी, म्हणून मधला मजला दाखवायचं काम माझ्या गळ्यात पडलं. शिकागोतला आमचा भाग कामगारांचा. विटांची तीनमजली घरं, एकमेकांना खेटून.

दोघांनाही जन्मापासून ऐकू येत नव्हतं. मला वाटलं, खिडक्या उघडून बघतील, नळ सोडून बघतील. बर्निसनं बूट काढले, मोजे काढले आणि रिकाम्या खोलीच्या मधोमध भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. विटास मागे स्वयंपाकघरात गेला आणि त्यानं जमिनीवर पाय आपटला. बर्निस झटकन वळली आणि हसली. मग पर्समधून कागद काढून तिनं माझ्यासाठी लिहिलं, "आधीच्या घरात सिमेंटची जमीन होती. नवऱ्याला हाक मारायची तर उशी फेकून मारावी लागायची."

इथली जमीन जुन्या मेपल लाकडाच्या फळ्यांची. या टोकाला पाय आपटला की त्या टोकाला तळव्याला कळायचं. त्यांनी त्याच दिवशी घर घेतलं.

विटास वर्तमानपत्राच्या छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायचा. यंत्र बिघडलं की ऐकू येणाऱ्यांच्या आधी त्याच्या पायांना समजतं, असं बर्निस अभिमानानं सांगायची. हातांची भाषा मी तिच्याकडूनच शिकले, तिच्या स्वयंपाकघरात, कोबीचं सूप पिता पिता.

"तू आत्ता विटासला म्हातारा नाही, बोकड म्हणालीस," ती हातांनी म्हणायची. "तसं फार चुकलेलं नाही म्हणा."

मग विटासची नजर जायला लागली. आधी कडेचं दिसेना, मग दिव्याखेरीज काही दिसेना, शेवटी दिवाही दिसेना. डॉक्टर म्हणाले, याला इलाज नाही. छापखान्यातून त्याला घरी पाठवलं. आता बर्निस त्याच्या तळहातात हात ठेवून बोलायची. रस्त्यावर तो तिच्या कोपराला घट्ट धरून चाले. घरात मात्र त्याला कुणाचा आधार लागत नसे. ती कुठे आहे, कुठून कुठे निघाली, सगळं त्याला पायांखाली कळायचं. ती बाजारातून आली की पिशवी ठेवायच्या आत तो विचारायचा, "आज कुणाशी भांडलीस?" आणि ती खरंच भांडून आलेली असायची. पाय आपटून दोघांचा दिवसभर संसार चालायचा.

खालच्या मजल्यावर कुबियाक राहायचे. एके सकाळी ते माझ्या दारात उभे राहिले. दाढी वाढलेली, डोळे लाल.

"तुम्हाला त्यांची भाषा येते ना? मग सांगा हो त्यांना, पाय आपटू नका म्हणावं. ल्यूसिलचा डोळा लागत नाही."

ल्यूसिल त्यांची बायको. कॅन्सर हाडांत गेला होता. मी खाली जाऊन तिच्या उशाशी बसले. वर धप्प आवाज झाला तशी तिनं चादर मुठीत धरली. 

बर्निसला सांगितलं तेव्हा ती स्वतः सूप घेऊन खाली गेली आणि रडत वर आली. त्या दिवसापासून ती हलकेच पाय टाकू लागली. पण तेवढं विटासला पुरेना. तो तिच्यावर आदळायचा, एकदा उकळतं पातेलं दोघांच्या मध्ये सांडलं. नाइलाजानं ती पुन्हा पाय आपटू लागली, आणि कुबियाक घरमालकिणीकडे गेले. भाडेकरारात जमिनीवर गालिचा घालायची अट होतीच. मिसेस नोव्हॉटनींनी माणसं पाठवून या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत जाडजूड गालिचा ठोकून घेतला. फक्त स्वयंपाकघर तेवढं सोडलं.

माणसं गेल्यावर विटास बाहेरच्या खोलीत आला आणि उभा राहिला. मग गुडघ्यांवर बसून त्यानं गालिच्यावरून हात फिरवला.

"घरात कुणी नाही," तो हातांनी म्हणाला. बर्निस त्याच्या समोरच उभी होती.

त्यानं आपली खुर्ची स्वयंपाकघरात ओढून नेली आणि तिथेच राहू लागला. झोपायला तेवढा यायचा, भिंत धरून. मध्येच कुणाचा हात लागला की दचकायचा. एका रविवारी बर्निसचा डोळा काळानिळा दिसला.

"घाबरून हात फिरवला त्यानं," ती म्हणाली. "मला लागलं हे त्याला ठाऊक नाही. तू सांगायचं नाहीस."

मी नाही सांगितलं.

ईस्टरच्या आधी ल्यूसिल गेली. बर्फ वितळल्यावर कुबियाक पहार घेऊन वर आले. "हे काढून टाकू या. मालकिणीला मी बघून घेतो." दिवसभर गुडघ्यांवर बसून त्यांनी एकट्यानं गालिचा उपटला, एकेक खिळा काढला. फळ्या उघड्या झाल्या. मी बर्निसला खूण केली. तिनं जोरात पाय आपटला.

स्वयंपाकघरात विटासनं मान वर केली. "कळलं," त्याचे हात म्हणाले. पण तो उठला नाही.

"काय झालं? जाणवत नाही का त्याला?" कुबियाकांनी मला विचारलं.

"जाणवतंय."

"मग?"

मी विटासच्या खुर्चीकडे बोट दाखवलं. त्यानंतर बर्निस कित्येक दिवस त्याला हाताला धरून खोल्यांतून फिरवायची. तो दोन पावलं टाकायचा आणि खुर्चीकडे वळायचा. पाय बारीक झाले होते, पण नुसत्या पायांचा प्रश्न नव्हता. पुढच्या हिवाळ्यात न्यूमोनियानं तो गेला.

बर्निस मिलवॉकीला बहिणीकडे जायला निघाली. ट्रंक कुबियाकांनी खाली नेली आणि टॅक्सीत ठेवली. बर्निसनं त्यांच्याकडे वळून हातांनी काहीतरी म्हटलं. ते बावरून माझ्याकडे बघू लागले.

"काय म्हणतायत? माझ्यावर राग आहे का?"

"विचारतेय, वेळेवर जेवता का?"

कुबियाकांनी मान खाली घातली. "सांगा, जेवतो म्हणावं."

मी तसं सांगितलं. बर्निसनं त्यांच्या ढगळ झालेल्या कोटाकडे बघितलं, मग त्यांच्या बसलेल्या गालफडांकडे. आणि ती टॅक्सीत बसली.