पिंट्याच्या हॉलमधलं फोर-के

लेथखाली लोखंडाचा कीस साचतो तसे किस्से साचतात. रोज झाडत गेलं तर काही नाही, पण महिनाभर दुर्लक्ष केलं की पाय ठेवायला जागा उरत नाही. आमच्या शनिवारच्या अड्ड्याचं तसंच झालंय, म्हणून आज झाडू हातात घेतलाय.

आम्ही चौघं नाशिकला सातपूरच्या एकाच कंपनीत. सुट्टी शनिवारी. पिंट्या मेंटेनन्सला. त्याच्या हॉलमध्ये भिंतभर टीव्ही, त्याखाली त्याचा लाडका गेमिंग कन्सोल. योग्या आहेर प्रोग्रॅमिंगला, गाव देवळ्याकडचं, घरचा कांदा. तो पीसीवाला. हिरामण भोये पेठचा, टूलरूममध्ये. तो कशावरही खेळतो आणि जिंकतो. आणि मी क्वालिटीत, म्हणजे दुसऱ्यांच्या कामात खोट काढायचा पगार घेणारा.

योग्याची भाड्याची खोली एवढीशी, की पलंग ठेवल्यावर दार अर्धंच उघडतं. त्यामुळे त्याने हौसेने जमवलेला पीसी पहिल्या दिवसापासून पिंट्याच्या हॉलमध्ये. नाशिकमध्ये त्याचं दुसरं कोणी नाही. शनिवारचा हा हॉल हेच त्याचं घर. तो हे बोलत नाही, पण शुक्रवारी संध्याकाळी त्याचा चेहरा बघितला की कळतं.

आता दोन मशीन, एक टीव्ही. त्यात फोर-के, म्हणजे केस न् केस दिसेल इतकं स्पष्ट चित्र, "खरं कोणाचं?" हा वाद. दिवाळीच्या साफसफाईत वैशालीवहिनींनी, म्हणजे पिंट्याच्या बायकोने, फर्मान काढलं. वहिनी शाळेत विज्ञान शिकवतात, त्यामुळे आवाज न चढवता वर्ग गप्प करायची त्यांना सवय.

"टीव्हीखाली एकच खोकं राहील. कोणतं, ते महिन्याभरात तुम्ही ठरवा. दुसरं आपापल्या घरी."

योग्याच्या घरी कुठे? दारात?

पीसी गेला तर योग्या येणार नाही, आणि पिंट्याचा कन्सोल त्याच्याच घरातून गेला तर पिंट्या दार उघडणार नाही. कोणीही हरलं तरी अड्डा मोडणारच. मला मनापासून काळजी वाटत होती. आणि हे दोघं काय करत होते? भांडत होते!

*

योग्याच्या पीसीचं आधी सांगतो.

फोर-केवर खेळायचं म्हणजे पीसी तापतो. लोक त्यासाठी महागडी थंड करायची यंत्रणा बसवतात. योग्याने कांदा साठवतात तशी चाळ बांधली!

खोटं नाही सांगत. पीसीचा डबा चार विटांवर उचलला, खालून हवा यायला. दोन्ही बाजूंची झाकणं काढून तिथे बांबूच्या पट्ट्या लावल्या. वर तिरकं छप्पर. उन्हाच्या बाजूला हिरवी शेडनेट.

"कांदा काय अन् प्रोसेसर काय," योग्या म्हणाला, "कोंडला की सडला! खालून हवा पाहिजे, वरून सावली. आमच्याकडे सहा-सहा महिने माल टिकतो."

आणि पीसी खरंच थंड राहायला लागला. पिंट्याला हे सहन होईना. तेव्हापासून दर शनिवारी तो वाकून त्या पट्ट्यांतून आत बघतो, नाकाने हुंगतो आणि सगळ्यांना जाहीर करतो, "अजून कोंब नाही आले!"

*

पिंट्याची कन्सोलची जाहिरात मात्र साधी. "आपल्याकडे सेटिंग नाय, ड्रायव्हर नाय, चाळ नाय. बटण दाबा, खेळा! लगेच फोर-के!"

एका शनिवारी त्याने मुद्दाम सगळ्यांसमोर बटण दाबलं. पडद्यावर आलं, अपडेट करावं लागेल.

"दोन मिनिटं," पिंट्या म्हणाला.

आम्ही जाऊन मिसळ खाऊन आलो. तिखट होती म्हणून ताक प्यायलो. परत आलो तर पडद्यावरची निळी पट्टी निम्म्यावर. वहिनी शाळेतून आल्या, जेवल्या, पेपर तपासायला बसल्या. पट्टी शेवटाला पोचली आणि कन्सोल स्वतःच बंद होऊन पुन्हा सुरू झाला. मग खेळानेही स्वतःचं वेगळं अपडेट मागितलं!

भोयेने पायात चपला घातल्या. "आमच्या पेठकडची जीप माणसं भरल्याशिवाय सुटत नाय," तो म्हणाला, "पण सुटते तरी!"

*

आता थोडं माझं. माझ्या खात्यात वाद झाला की आपण मोजतो. मी भिंग घेऊन टीव्हीला नाक लावून उभा राहिलो, ठिपके बघायला. लाल, हिरवा, निळा. छान दिसत होते. पण ते टीव्हीचे होते की गेमचे, हे भिंगाला काय ठाऊक?

योग्या म्हणाला, "फोर-के लांबून कळतच नाय. जवळ बसावं लागतं." आणि तो चटई ओढून टीव्हीच्या इतक्या जवळ बसला की आम्हाला रस्ता, गाड्या, डोंगर काही दिसेना. दिसत होतं फक्त योग्याचं डोकं.

मागून भोये कौतुकाने म्हणाला, "क्वालिटी हाय राव! कोंड्याचा कण न् कण वेगळा दिसतोय!"

*

पिंट्याच्या कंट्रोलरचं एक बटण अडकायला लागलं. दुसरा कोणी दुकानात गेला असता. पण मेंटेनन्सचा माणूस दुकानात कसा जाईल? त्याने कंट्रोलर खोलला, पुसला आणि बटणाखाली भरलं कंपनीतलं बेअरिंगचं ग्रीस!

बटण लोण्यासारखं चालायला लागलं. पण हात धुऊनसुद्धा वास जाईना. वहिनी घरात आल्या, दारातच थांबल्या आणि म्हणाल्या, "अहो, आज सुट्टी होती ना? कंपनीत जाऊन आलात की काय?"

*

योग्याचा खरा छंद खेळणं नाहीच. सेटिंग! सावल्या वाढव, गवत वाढव, पाण्यातलं प्रतिबिंब वाढव. शर्यत सुरू झाली की सगळे पुढे पळतात आणि हा गाडी रस्त्याच्या कडेला लावून गवत बघत बसतो. भोये एकदा म्हणाला, "कापायला आलंय. विळा आणू का?"

एकदा त्याचे वडील देवळ्याहून आले होते. सगळे त्यांना दादा म्हणतात. योग्याला वाटलं, आपण काय केलंय ते वडिलांना दाखवावं. त्याने डोंगरातलं एक तळं लावलं. पाणी अगदी निवळ, खालचे दगड दिसतायत, वर ढगांची सावली हलतेय. तिकडे पीसीचा पंखा जीव खाऊन घुमतोय.

दादा टोपी काढून गुडघ्यावर ठेवून बघत राहिले. बराच वेळ. योग्याची छाती फुगली.

"पानी भलतं चांगलं शे," दादा आपल्या अहिराणीत म्हणाले. "कोनाची विहीर शे ही?"

"दादा, हे खरं पाणी नाही. पीसी तयार करतो. फोर-के!"

दादांनी पाण्याकडे बघितलं. मग घुमणाऱ्या चाळीकडे बघितलं. आणि ताडकन उठले.

"पानी नही, मंग मोटार कसाले चालू ठेवी? बंद कर, जळी जाई!"

आणि योग्या हां-हां म्हणेपर्यंत त्यांनी भिंतीवरचं बटण पाडलंसुद्धा!

त्या दिवशी पिंट्याने दादांना आग्रह कर-करून जेवायला ठेवून घेतलं. पक्षात असा माणूस रोज कुठे मिळतो?

*

पण हसण्यावारी गेलं तरी फर्मान फर्मान होतं. मार्गशीर्ष लागला, वहिनींनी मुदत संपल्याचं सांगितलं आणि दोघांचा आपसांतला अबोला सुरू झाला. एकाच सोफ्यावर बसून पिंट्या मला सांगायचा, "याला सांग सरकायला," आणि योग्या भोयेला सांगायचा, "त्याला सांग, सरकलोय." एका शनिवारी योग्या आलाच नाही. मी फोन केला तर म्हणाला, "झोपलोय." दुपारी बारा वाजता! मला गलबलून आलं. मग म्हटलं, आता आपणच काहीतरी करायला हवं.

आमच्या क्वालिटीत एक पद्धत आहे. दोन इन्स्पेक्टर भांडायला लागले की त्यांच्यापुढे नग ठेवायचे, पण कोणता कोणाच्या मशीनवरचा, ते सांगायचं नाही. म्हणजे डोळे खरं बोलतात. मी हीच चाचणी मांडली. ज्याला आपलं मशीन ओळखता येणार नाही, त्याने ते उचलायचं. पिंट्या हो म्हणाला. योग्याही हो म्हणाला, पण पीसीकडे बघत.

वहिनींनी विज्ञानशिक्षिका म्हणून सूत्रं हातात घेतली. टीव्हीखालच्या कप्प्यापुढे चादर बांधली. चादरीमागे वहिनी, केबल बदलायला. पंख्याच्या आवाजावरून ओळखू नये म्हणून दोन्ही मशीन चालूच ठेवली आणि टीव्हीचा आवाज बंद. गाडी चालवायला भोये, कारण त्याला कोणाचंच सोयरसुतक नाही. हातातला कंट्रोलर ओळखू येऊ नये म्हणून त्याच्या हातांवर टॉवेल टाकला. बैलबाजारात रुमालाखाली सौदा चालतो ना, अगदी तसा भोये बसला होता.

पहिली फेरी. घाटातला रस्ता, पाऊस.

योग्या लगेच हसला. "हे पिंट्याचं खोकंच! पावसाचे थेंब बघा, साबुदाण्याएवढे. सावलीला कड नाय. माझ्या पीसीवर असलं दिसलं असतं तर मी तो विहिरीत टाकला असता."

पिंट्याही हसला. "चूक. हा पीसीच! रंग बघ, उसने आणल्यासारखे. गाडी अडखळतेय. आपला कन्सोल असलं काम करतच नाय."

चादर हलली. आत खुडबूड झाली. पडदा काळा होऊन पुन्हा उजळला. दुसरी फेरी. तोच घाट, तोच पाऊस.

योग्या पुढे सरकला. डोळे भरून आले होते त्याचे, शपथेवर सांगतो. "हा माझा," तो हळूच म्हणाला. "थेंब न् थेंब वेगळा. हे गवत मी लावलंय. आपलं लेकरू गर्दीतसुद्धा ओळखू येतं."

"अरे हट्!" पिंट्या उभा राहिला. "हा माझा! कशी लोण्यासारखी चाललीय बघ! चार वर्षं डोळ्यांखालून घातलाय मी!"

माझं मत विचारलं गेलं. मी अनुभवी माणसासारखी मान तिरकी केली, डोळे बारीक केले आणि म्हणालो, "दुसरं सरस आहे. फरक उघड आहे."

"नक्की ना तिघांचंही?" चादरीमागून वहिनींनी विचारलं.

"नक्की!"

वहिनींनी चादर सोडली.

पीसी चाळीत घुमत होता, त्याची केबल मोकळी लोंबत होती. कन्सोलचा दिवा लागला होता, त्याचीही केबल मोकळी. दोघांच्या मधे, वहिनींच्या पेपरच्या गठ्ठ्यावर, एक तिसरंच खेळायचं खोकं बसलं होतं. जुनं, कडेला चिकटपट्टी लावलेलं. भोयेच्या मावसभावाने वापरून टाकलेलं आणि भोयेने सकाळी पिशवीतून आणलेलं.

"दोन्ही फेऱ्यांना हेच होतं," वहिनी म्हणाल्या. "मी आत नुसती केबल काढून परत तीच लावली."

मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघायला लागलो.

"ठरल्याप्रमाणे दोघांनी आपापलं उचला. अहो, तुमचं आतल्या माळ्यावर. योगेशभावजी, तुमची चाळ गॅलरीत ठेवा, तिथे हवा चांगली आहे." मग त्यांनी भोयेचं खोकं पदराने पुसलं आणि टीव्हीखाली मधोमध ठेवलं. "आणि पुढच्या शनिवारी लवकर या. पोहे करते, झोपून राहू नका."

योग्याने मान खाली घातली आणि नाक पुसलं. पिंट्याने त्याच्या पाठीत एक धपाटा घातला. आणि मग कित्येक आठवड्यांनी ते दोघं पहिल्यांदा एकदम, एका सुरात ओरडले,

"अरे पण वहिनी... वैशाली... हे फोर-के नाहीच आहे!"

भोयेने हातांवरचा टॉवेल काढला, घडी घातली आणि म्हणाला,

"मगाशी होतं की!"