पाठमोरी बसलेली कप्तान

चौलच्या सुपारीच्या बागा मागे पडल्या की खाडीकडे उतरणाऱ्या वाटेवर एक वाडी लागते. तिथे कुणालाही विचारा, जयमाला कोण? अंगणवाडीची बाई, असं कुणी सांगणार नाही. ‘कबड्डीची कप्तान’ असंच सांगतील, आणि सांगताना मान जरा वर करतील.

चौतिशीची, काटक अंगाची, भुवईवर टाक्यांची जुनी खूण. चौदाव्या वर्षी ती पहिल्यांदा मैदानात उतरली, तेव्हा धूळ बसावी म्हणून वडील भागोजी घागरीने पाणी मारत होते. लग्न वाडीतल्या वाडीत झालं. ती सून झाली, आई झाली, पण संध्याकाळचं मैदान तिने सोडलं नाही.

वाडीच्या क्रीडा मंडळाची रीत होती. पहिली चढाई कप्तानाची. मधल्या रेषेला हात लावायचा, तो कपाळाला टेकवायचा आणि समोरच्या अंगणात शिरायचं. अकरा वर्षं जयमालाने ही रीत पाळली होती.

त्या हिवाळ्यात मात्र संघाला दृष्ट लागल्यासारखं झालं. दिवाळीनंतर सहा स्पर्धा झाल्या आणि सहाही ठिकाणी पहिल्याच फेरीत गाशा गुंडाळावा लागला. सहाव्या वेळी टेम्पोतून परतताना मंडळाचे अध्यक्ष तुकाराम म्हणाले, “जया, येत्या रविवारी पण पहिल्या फेरीत आपटलो तर बायकांचा संघ बंद. मी न्हाय म्हणत, मंडळ म्हणतं.”

“मंडळ म्हणजे तुम्हीच ना, दादा?”

“म्हणून तर रविवारपर्यंत थांबलोय!”

टेम्पोत कुणीतरी हसलं. जयमालाला हसू आलं नाही. संघ बंद झाला तर कल्पिता आणि प्रज्ञासारख्या पोरींना संध्याकाळी घराबाहेर पडायला दुसरं कारण उरणार नव्हतं. तिने सोमवारी पोरींना वाळूत पळवलं, मंगळवारी आणखी पळवलं.

बुधवारी अंगणवाडीत पोरांची वजनं घ्यायची होती. काट्यावर कुणी उभं राहीना, कुणी उतरेना. जयमाला मैदानाशी पोचली तेव्हा सराव सुरू झाला होता. पोरी वाडीतल्या मुलग्यांशी खेळत होत्या. ती कुंपणाशीच थांबली.

डाव्या कोपऱ्यात प्रज्ञा उभी होती, चिखलात बगळा उभा असतो तशी. चढाईवाला आत आला, अजून आत आला, तरी ही हलली नाही. त्याचा पाय पार खोल पडला तेव्हाच तिने घोटा धरला आणि दोन्ही बाजूंनी बाकीच्या त्याच्यावर कोसळल्या. मुलगा धुळीत. इतका शांत खेळ जयमालाने सहा स्पर्धांत पाहिला नव्हता. मन कुठेतरी खट्टू झालं. आपल्यावाचून एवढं छान चालतं तर!

ती आत गेली. नव्या डावात रीतीप्रमाणे पहिली चढाई तिने केली आणि बाद झाली. ती बाहेर बसली मात्र, खेळ विस्कटला. चढाईवाल्याने रेषा ओलांडली न ओलांडली, तोच प्रज्ञाने उडी टाकली. हात रिकामेच.

जयमालाने खेळ थांबवला. “का गं एवढी घाई?”

प्रज्ञा म्हणाली, “ताई, एक पॉईंट मिळाला की सगळ्यात आधी बाद झालेली आत येते. पहिली चढाई तुझी, म्हणजे बाद पण पहिली तूच. कधी एकदा तुला आत आणतो असं होतं.”

“तुला भायेर बसलेली बघवत न्हाय,” कल्पिता म्हणाली. “तू ओठ चावत बसतेस.”

“मी? ओठ चावते?”

“रक्त येईपर्यंत! आरशात बघ जाऊन.”

जयमाला खाली मातीतच बसली. सहा स्पर्धा या पोरी जिंकण्यासाठी खेळल्याच नव्हत्या. त्या ताईला आत आणण्यासाठी खेळल्या होत्या. रागवायचं तरी कुणावर? आपल्यासाठी सहाजणींनी एवढं हरावं, असं आपण त्यांना काय दिलं, हेच तिला उमगेना. डोळे भरून आले, ते तिने ओढणीने नाही, मातीच्याच हाताने पुसले.

रविवारी शिट्टी झाली तेव्हा मधल्या रेषेला हात लावला तो कल्पिताने. “अगं, रीत!” तुकाराम बाहेरून ओरडले.

“रीत मोडली, दादा. बोलणी मागाहून खाईन,” जयमाला म्हणाली.

चौथ्या चढाईला जयमाला गेली, पकडली गेली. बाद खेळाडूंच्या जागेवर जाऊन ती मैदानाकडे पाठ करून बसली. लोकांत खसखस पिकली. “कप्तान रुसली काय?” पण आतल्या पोरींना सांगून ठेवलेलं होतं: तुम्ही माझ्याकडे बघायचं नाही, मी तुमच्याकडे बघणार नाही. चढाईवालीला खोल येऊ द्या.

समोर नुसती नारळाची झाडं. मागे विरुद्ध संघाच्या चढाईवालीचा दम ऐकू येत होता, कबड्डी, कबड्डी, जवळ, आणखी जवळ. अजून कुणी उडी टाकली नव्हती. जयमालाने दोन्ही हातांनी स्वतःचे गुडघे आवळले. आणि मग धप्पकन आवाज झाला, तो दम तुटला.

“ताई, ये! ऊठ!”

तो सामना त्यांनी तीन गुणांनी जिंकला. दुसऱ्या फेरीत रोह्याच्या तगड्या संघापुढे हरल्या, पण एका गुणाने. परतताना टेम्पोत तुकाराम म्हणाले, “पुढच्या वर्षी नवे गणवेश शिवायला टाकू. मापं देऊन ठेवा.”

दुसऱ्या दिवशी अंगणवाडी सुटल्यावर जयमाला एकेका पोरीच्या घरी गेली. कुठे चहा झाला, कुठे नुसतं पाणी. प्रज्ञाची आई नीराबाई ओट्यावर तांदूळ निवडत होती.

“काकी, तुमची पोर मला दिलीत. उपकार झाले.”

नीराबाईने सुपातून मान वर केली नाही. “दिली न्हाय गं बाय, उसनी हाय. अंधार पडायच्या आत घरी धाड म्हंजे झालं.”

“धाडते, काकी,” जयमाला म्हणाली आणि निवडायला तिच्या शेजारी बसली.