धूर नसलेला कोळसा

बाळंतिणीच्या खाटेखाली शेगडी ठेवून शेक द्यायचा, ही माझ्या सासूबाईंची पद्धत. त्यासाठी त्या गावाहून पोतंभर गोवऱ्या घेऊनच आमच्या वारज्याच्या फ्लॅटवर आल्या. मी वाघोलीला इंजिनिअरिंगच्या मुलांना इंधनं शिकवायचो. मला हसू आवरेना.

"किलोभर गोवरीच्या दुप्पट उष्णता किलोभर कोळसा देतो," असं ऐकवून मी लाकडी कोळशाचं पोतं आणून टाकलं.

त्यांनी एक तुकडा हातात घेऊन पाहिला. "गवरी धुरावती, म्हनून खिडकी उघडी ठिवावी लागती. ह्याला धूर हाय का?"

"अजिबात नाही. आता खिडकी बंद ठेवा, बाळाला वारं लागायला नको." नुसतं बोलून थांबलो असतो तर मी कसला मास्तर! खिडकीच्या फटीत कापडही कोंबलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी बायको म्हणाली, "डोकं जड झालंय हो." जागरणानं होतं, असं सांगून मी निघालो.

वर्गात त्या दिवशी उष्मांक मोजायचं उपकरण होतं. जाड पोलादी भांडं, त्यात ग्रॅमभर इंधन, आणि ते पुरतं जळावं म्हणून वर ठासून भरलेला ऑक्सिजन. पुस्तकातले आकडे असे मिळतात.

मागच्या बाकावरच्या मुलीनं विचारलं, "सर, ऑक्सिजन कमी पडला तर?"

"मग उष्णता कमी मिळते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. विषारी असतो. रंग नाही, वास नाही, धूर नाही." फळ्यावर 'धूर नाही' लिहिलं आणि खडू तिथेच टाकून मी वर्गाबाहेर पळालो.

घरी फोन लावला. कुणी उचलेना. वाघोलीहून वारज्याला जायचं म्हणजे सगळं शहर ओलांडायचं. प्रत्येक सिग्नलला मी पुन्हा फोन लावत होतो आणि नुसती रिंग वाजत होती.

सासूबाई बाळाला मांडीवर घेऊन जिन्यात बसल्या होत्या. "बाळ किरकिर कराया लागलं, माजंबी डोकं गरगरलं, म्हनून भायेर आले. ती झोपलीया. गालावर काय लाली आलीया! म्हनून उठवली न्हाई."

ती उठलीच नाही. डॉक्टर यायच्या आत मी फटीतलं कापड ओढून खिशात घातलं.

सासूबाई अजून म्हणतात, "मीच उठवाया हवी व्हती." मी ऐकून घेतो. दर वर्षी नव्या वर्गाला जे सांगतो, ते त्यांना एकदाही सांगितलेलं नाही.